यवनप्रिय : मिऱ्यांच्या व्यापाराचा इतिहास

आपल्या घरच्या मसाल्याच्या डब्यांत ज्या वस्तु नित्य असतात त्यांपैकीं काळ्या मिऱ्यांकडे आज कोणी विशेष आदरानें पाहात नाहीं. खोकल्याच्या काढ्यांत चार दाणे, सारांत चिमूटभर पूड आणि गरम मसाल्यांत एक वांटा, एवढेंच त्यांचें स्थान उरलें आहे. परंतु ह्याच दाण्यांसाठीं रोमन साम्राज्यांतील व्यापाऱ्यांनीं दोन हजार वर्षांपूर्वीं अरबी समुद्र ओलांडला. ह्यांच्याच नफ्यांतून वेनिसच्या सावकारांचे वाडे उभे राहिले. ह्यांच्याच शोधांत पश्चिमेकडील एक लहानसें राष्ट्र आफ्रिकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्यास लागलें आणि गोमंतकांत इ. स. १५१० पासून १९६१ पर्यंत ठाण मांडून बसलें. संस्कृत कोशांत मिऱ्याला जीं अनेक नांवें दिलेलीं आहेत त्यांत ‘यवनप्रिय’ असें एक आहे. यवनांना प्रिय असणारें, असा त्याचा सरळ अर्थ. ही वस्तु आपल्याला आवडते म्हणून नव्हे, तर ती परक्यांना आवडते म्हणून तिला हें नांव मिळालें. आणि ह्या एका शब्दांतच पुढील सारा इतिहास बीजरूपानें सांठलेला आहे.

हा इतिहास सांगतांना आपल्याकडे बहुधा दोन सूर ऐकूं येतात. एक अभिमानाचा : आमच्या मिऱ्यांनीं रोमचें सोनें ओढून आणलें. दुसरा हळहळीचा : अशी संपत्ति देणारी भूमि आमची, पण तिच्या व्यापाराचें स्वामित्व मात्र परक्यांच्या हातीं गेलें. दोन्ही सुरांत कांहीं तथ्य आहे. परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत आहे, ती अशी कीं मिऱ्यांची किंमत मिऱ्यांतच होती. वस्तुतः ती बव्हंशीं वाटेंत होती. मलबारच्या परसांतील दाणा अलेक्झांड्रियास पोंचेपर्यंत त्याचें मोल जें अनेकपट वाढे, तें जमिनीच्या गुणानें नव्हे, तर मधल्या समुद्राच्या, जकातींच्या व जोखमीच्या गुणानें. म्हणून ही वाट कोणाच्या हातीं, केव्हां आणि कशी गेली, हें पाहिल्याखेरीज अभिमान किंवा हळहळ ह्यांपैकीं कशाचेंहि योग्य माप लागणार नाहीं.

प्रथम त्या वेलाची ओळख करून घेतली पाहिजे; कारण त्याच्या स्वभावांतच पुढील राजकारणाचें एक कारण दडलेलें आहे. मिरवेल ही मूळची सह्याद्रीच्या दक्षिणेकडील पावसाळी रानांतली. तिला स्वतःचें खोड धरून उभें राहतां येत नाहीं. आंबा, फणस, पांगारा अशा एखाद्या झाडाचा आश्रय घेऊन ती वर चढते. तिच्या फळांचे घोंस हिरवे असतांना तोडून उन्हांत वाळविले म्हणजे काळीं, सुरकुतलेलीं मिरीं होतात. आणि पिकलेलीं फळें भिजवून त्यांची साल काढली म्हणजे पांढरीं मिरीं मिळतात. कालिदासानें रघूच्या दिग्विजयांत मलयपर्वताच्या पायथ्याशीं मिऱ्यांच्या रानांतून उडणारे पोपट वर्णिले आहेत, तें ह्याच प्रदेशाचें चित्र. ह्या वेलाला मोठ्या मळ्याची गरज नसे. ज्याच्या परड्यांत दोन झाडें, त्याच्या घरीं थोडीं मिरीं. असें पीक हजारों घरांत विखुरलेलें असतें. तें एका तटबंदींत कोंडतां येत नाहीं. जायफळाची गोष्ट निराळी होती. तें पूर्वसमुद्रांतील बांदा नांवाच्या चिमुकल्या बेटांतच होत असे. म्हणून वलंदेजांचा सेनापति कून ह्यानें इ. स. १६२१ मध्यें तेथील बहुतेक सर्व लोकांचा संहार करून अथवा त्यांना देशोधडीस लावून तीं बेटें आपल्या कंपनीच्या घशांत घातलीं. मलबारांत तसें करणें कोणाला शक्यच नव्हतें. येथें ज्याला मक्ता पाहिजे असेल त्याला जमीन नव्हे, समुद्र ताब्यांत घ्यावा लागे.

शब्दांचा प्रवासहि मोठा बोधप्रद आहे. संस्कृत ‘मरीच’ ह्यापासून आपलें ‘मिरें’ झालें. पण युरोपांत गेलें तें दुसरेंच नांव. पिंपळी, म्हणजे संस्कृत ‘पिप्पली’, ही मिऱ्याचीच लांबट बहीण. सुंठ, मिरीं व पिंपळी मिळून वैद्यांचें त्रिकटु होतें. ह्या पिप्पलीचें ग्रीकांनीं ‘पेपेरि’ केलें, रोमनांनीं ‘पिपेर’ केलें, आणि पुढें पिंपळी मागें पडून तें नांव वाटोळ्या मिऱ्यालाच चिकटलें. ग्रीक व रोमन लोकांच्याहि पूर्वीं हे दाणे इजिप्तपर्यंत पोंचले होते. इ. स. पू. १२१३ मध्यें वारलेल्या दुसऱ्या रामसेस राजाच्या मसाला भरलेल्या प्रेताच्या नाकपुड्यांत मिऱ्याचे दाणे सांपडले आहेत. ते तेथवर कोणत्या हातांनीं गेले असतील ह्याची कल्पनाच करावी. पण ते दक्षिण हिंदुस्थानच्या बाजूनेंच गेले असले पाहिजेत.

इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास ग्रीक नावाडी नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यांचा उपयोग करूं लागले आणि तांबड्या समुद्राच्या मुखापासून थेट मलबारपर्यंत भर समुद्रांतून येऊं लागले. तांबड्या समुद्रावरील एका बंदरांतून वर्षाला १२० गलबतें हिंदुस्थानाकडे जातात, असें स्ट्राबोनें लिहून ठेविलें आहे. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नांवाच्या नाविक-मार्गदर्शिकेंत मुझिरिस बंदर मिऱ्यांसाठीं प्रसिद्ध असल्याचें सांगितलें आहे. आपल्या बाजूचीं सोपारा, कल्याण व चौल हीं बंदरें, तसेंच पैठण व तेर हीं घाटावरील शहरें त्याच ग्रंथांत आलीं आहेत. परंतु तीं कापडाचीं व इतर मालाचीं ठिकाणें. मिऱ्यांचा प्रांत दक्षिणेकडचा. कल्याणास चुकून आलेल्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यांत भडोचास नेत, असेंहि तो ग्रंथकार सांगतो. वाट कोणी अडवावी हा प्रश्न तेव्हांहि होताच, असा ह्याचा अर्थ. तामिळ संघकालीन काव्यांतहि यवनांचीं गलबतें सोनें घेऊन येतात व मिरीं घेऊन जातात असा उल्लेख आहे.

रोममध्यें प्लिनीनें ह्या व्यापाराविरुद्ध तक्रार केली ती प्रसिद्धच आहे. हिंदुस्थान दरवर्षीं साम्राज्याचे पांच कोट सेस्टर्स गिळतो, असें तो म्हणतो. ज्यांत ना गोडवा, ना रूप, केवळ तिखटपणा, अशा ह्या फळासाठीं लोक इतक्या दूर कां जातात ह्याचें त्याला नवल वाटे. त्यानें भावहि दिले आहेत : एक रोमन पौंड काळ्या मिऱ्यांस ४ दिनार, पांढऱ्यांस ७ आणि पिंपळीस १५. आपले अभिमानी लेखक प्लिनीची ही तक्रार आनंदानें उद्धृत करतात. परंतु इ. स. १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका जुन्या कागदानें ह्या चित्राची दुसरी बाजू उघड केली. व्हिएन्ना येथें असलेला हा दुसऱ्या शतकांतील पपायरसचा तुकडा म्हणजे मुझिरिसच्या व्यापारासाठीं घेतलेल्या कर्जाचा दस्तऐवज होय. त्याच्या पाठीमागें ‘हर्मापोलोन’ नांवाच्या एकाच गलबतांतील मालाचा हिशेब आहे, आणि त्याची किंमत सुमारें ७० लाख सेस्टर्स भरते. अशा मालावर साम्राज्य शेंकडा २५ जकात घेत असे. म्हणजे प्लिनी ज्या ‘गळती’बद्दल हळहळत होता, तिचा चौथा हिस्सा त्याच्याच बादशहाच्या तिजोरींत पडत होता. सोनें मलबारास आलें हें खरें. पण वाटेचा धनी रोमच होता, आणि त्यानें आपला वांटा आधींच काढून घेतला होता.

ह्या व्यापाराचे अवशेष अलीकडे जमिनींतूनहि निघाले आहेत. इजिप्तमधील बेरेनिके बंदराच्या उत्खननांत साडेसात किलो मिऱ्यांनीं भरलेला एक हिंदी रांजण देवळाच्या आवारांत सांपडला. केरळांत पट्टणम् येथें २००७ पासून झालेल्या उत्खननांत रोमन मद्यकुंभांचीं खापरें मोठ्या संख्येनें निघालीं. खुद्द रोममध्यें मिऱ्यांसाठीं स्वतंत्र वखार होती. इ. स. ४०८ मध्यें गॉथांचा राजा आलारिक ह्यानें रोमला वेढा घातला, तेव्हां त्यानें मागितलेल्या खंडणींत ५,००० पौंड सोनें व ३०,००० पौंड रुपें ह्यांबरोबर ३,००० पौंड मिरींहि होतीं. ज्याला आपण रानटी म्हणतों त्यालाहि तोंवर ह्या यवनप्रिय वस्तूचें मोल कळलें होतें.

रोमचें साम्राज्य मोडलें, पण वाट मोडली नाहीं. ती अरब, यहुदी, गुजराथी व चिनी व्यापाऱ्यांच्या हातीं गेली. ह्या मधल्या काळाकडे आपले इतिहासकार फारसें लक्ष देत नाहींत, कारण त्यांत लढाया थोड्या आहेत. तथापि मिऱ्यांच्या व्यापाराचा सर्वांत निरोगी काळ हाच म्हटला पाहिजे. बाराव्या शतकांत मंगळूरास राहून व्यापार करणाऱ्या एका यहुदी गृहस्थाचीं पत्रें कैरोच्या एका प्रार्थनामंदिरांत सांपडलीं. त्यांत मिऱ्यांच्या खेपा, बुडालेलीं गलबतें व थकलेलीं येणीं ह्यांचा नित्याचा ऊहापोह आहे. पंधराव्या शतकांत चीनचा दर्यासारंग चंग-हो ह्याचीं आरमारें कालिकतास वारंवार येऊन गेलीं. इ. स. १४४२-४३ च्या सुमारास हेरातच्या बादशहाचा वकील अब्दुर्रझाक कालिकतास आला होता. तो सांगतो कीं येथें परदेशी व्यापारी आपला माल खुशाल बाजारांत टाकून ठेवतात, सरकारी कामगार त्याची राखण करतात, विक्री झाली तर चाळीसावा हिस्सा जकात घेतात आणि न झाली तर कांहींच घेत नाहींत.

रोमची जकात चौथा हिस्सा, कालिकतची चाळीसावा! सामुरी राजाला समुद्रावर सत्ता नव्हती. त्याला आपल्या बंदरावर विश्वास होता. जो येईल तो यावा, कोणत्याहि धर्माचा असो, त्याचा माल सुरक्षित राहील आणि आम्हीं थोडक्यांत समाधान मानूं, हें त्याचें धोरण. ह्या धोरणास भोळेपणा म्हणण्याचा मोह आज होतो. पण एका लहानशा संस्थानाला त्यानें कित्येक पिढ्या पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदराचें वैभव दिलें, हें विसरतां कामा नये. त्या धोरणांतील उणीव एवढीच कीं, समुद्र सर्वांचा आहे हें तत्त्व सर्वांनाच मान्य असेल अशी त्याची कल्पना होती.

येथें पाठ्यपुस्तकांतून रुळलेल्या दोन समजुतींचा निकाल लावणें अवश्य आहे. युरोपीय लोक नासलेल्या मांसाची दुर्गंधि लपविण्यासाठीं मिरीं वापरीत, ही पहिली. परंतु तेथें मिऱ्यांपुढें मांस स्वस्त होतें. ज्याला मिरीं परवडत त्याला ताजें मांस सहज परवडे. मिरीं हें त्या लोकांचें औषध होतें, चव होती आणि त्याहून अधिक म्हणजे प्रतिष्ठा होती. जर्मन भाषेंत गबर व्यापाऱ्याला कुचेष्टेनें ‘मिऱ्यांचें पोतें’ म्हणत, तें उगीच नव्हे. दुसरी समजूत अशी कीं इ. स. १४५३ मध्यें तुर्कांनीं कॉन्स्टंटिनोपल घेतल्यामुळें मसाल्याची वाट बंद झाली आणि म्हणून पोर्तुगीजांना नवी वाट शोधणें भाग पडलें. परंतु मलबारची मिरीं मुख्यतः तांबड्या समुद्रानें इजिप्तमध्यें जात, आणि इजिप्त तुर्कांच्या हातीं पडलें तें १५१७ मध्यें. वास्को द गामा कालिकतास येऊन तेव्हां एकोणीस वर्षें होऊन गेलीं होतीं. लायबायर ह्या विद्वानानें १९१५ सालींच ही विसंगति दाखविली असून ती समजूत अद्याप चालू आहे. पोर्तुगीज आले ते बंद झालेली वाट उघडण्यासाठीं नव्हे, तर चालू असलेल्या वाटेचा नफा आपल्याकडे वळविण्यासाठीं.

मे १४९८ मध्यें गामा कालिकतास उतरला तेव्हां त्यानें सामुरीसाठीं आणलेले कापडाचे तुकडे, टोप्या, हात धुण्याचीं भांडीं, साखर, तेल व मध हे नजराणे पाहून दरबारी लोक हंसले. मक्केहून येणारा अगदीं गरीब व्यापारीहि ह्याहून अधिक देतो, असें त्यास ऐकावें लागलें. हें हंसूं फार दिवस टिकलें नाहीं. ज्यांच्याजवळ विकण्यासारखें कांहीं नव्हतें त्यांच्याजवळ तोफा होत्या. १५०२ मध्यें पुन्हां आलेल्या गामानें मक्केच्या यात्रेकरूंनीं भरलेलें एक गलबत माणसांसकट जाळलें. १५०८ च्या अखेरीस आल्मैदानें आपलें दाभोळ बेचिराख केलें. १५०९ मध्यें दीवची लढाई, १५१० मध्यें गोवें, १५११ मध्यें मलाक्का, १५१५ मध्यें होर्मुझ, अशीं समुद्राचीं एकेक कुलुपें पोर्तुगीजांनीं हस्तगत केलीं. त्यानंतर त्यांनीं जी युक्ति काढली तिचें नांव ‘कार्ताझ’, म्हणजे समुद्रावर फिरण्याचा परवाना. ज्या समुद्रावर आमचे नावाडी पिढ्यान् पिढ्या जात होते त्यावर जाण्यासाठीं आतां फिरंग्यांचा कागद जवळ बाळगावा लागे. त्यांत गलबताचें व तांडेलाचें नांव, मालाचा तपशील व जाण्याचें ठिकाण लिहिलेलें असे. मिरीं न्यावयाचीं नाहींत अशी अट असे. आणि कागद नसला तर गलबत व माल दोन्ही जप्त. आदिलशहा व मोगल बादशहा ह्यांच्याहि गलबतांना तो घ्यावा लागला.

तरीहि ही व्यवस्था मिऱ्यांच्या मक्त्याच्या दृष्टीनें बव्हंशीं फसली, आणि तिला फसविणारा मुख्यतः मलबारचा सामान्य उत्पादक व छोटा व्यापारी होता. सोळाव्या शतकाच्या आरंभीं कोचीनच्या राजाशीं करार करून ठरविलेला भाव बाजार चढला तरी तसाच रेटण्यांत आला. तेव्हां लोकांनीं फिरंग्यांना ओलीं, वाळूमिश्रित मिरीं द्यावीं आणि चांगला माल बैलांच्या पाठीवर घांट ओलांडून पूर्वकिनाऱ्यास, किंवा रात्रीं होड्यांतून परस्पर उत्तरेस धाडावा असा क्रम सुरू झाला. खुद्द पोर्तुगीज अंमलदारहि ह्या चोरट्या व्यापारांत भागीदार होते. परिणाम असा झाला कीं १५६० च्या सुमारास वेनिसला अलेक्झांड्रियामार्गें पूर्वीइतकींच मिरीं पुन्हां मिळूं लागलीं. गेरसप्प्याची राणी चेन्नभैरादेवी हिला पोर्तुगीज ‘मिऱ्यांची राणी’ म्हणत. तिच्या बंदरांशीं त्यांना कधीं लढून, कधीं तह करून वागावें लागलें. पीक विखुरलेलें असतें तेथें मक्तेदाराचे हात अपुरे पडतात, ही मिरवेलीच्या स्वभावाची किमया.

मग आपलें चुकलें कोठें? ह्या प्रश्नाचें उत्तर दोन प्रसंगांत आहे. सामुरीच्या पदरीं कुंजाली मरक्कार नांवाचें दर्यावर्दी घराणें होतें. त्या घराण्यांतील चार पुरुषांनीं पोर्तुगीजांना शतकभर समुद्रावर चैन पडूं दिली नाहीं. परंतु चौथा कुंजाली शिरजोर झाला असें वाटून सामुरीनें खुद्द पोर्तुगीजांशींच हातमिळवणी केली, त्याचा किल्ला घेतला, आणि १६०० मध्यें गोव्यांत त्या शूराचा शिरच्छेद झाला. दुसरा प्रसंग आपल्या घरचा आहे. शिवछत्रपतींनीं समुद्राचें महत्त्व ओळखून आरमार उभें केलें. त्यांच्या मागून कान्होजी आंग्रे ह्यांनीं कार्ताझाला कार्ताझानेंच उत्तर दिलें : कोंकणच्या समुद्रावर ज्याला फिरावयाचें त्यानें आमचें दस्तक घ्यावें. इंग्रजांनीं त्यांना चांचे म्हटलें. परंतु जो हक्क पोर्तुगीज दोनशें वर्षें बजावीत आले तोच आपल्या किनाऱ्यावर आंग्र्यांनीं बजावला तर तो तेवढाच चांचेपणा कां, ह्याचें उत्तर इंग्रजांनीं कधीं दिलें नाहीं. पुढें कान्होजींचा मुलगा तुळाजी पेशव्यांना जुमानीना, तेव्हां नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांना मदतीस घेतलें, आणि फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गापुढें तें आरमार जळून खाक झालें. सामुरी व पेशवे ह्या दोघांचीहि आपल्या सरदारांविरुद्धची तक्रार खोटी नव्हती. पण घरचें भांडण मिटविण्यासाठीं दोघांनींहि समुद्राची किल्ली पाहुण्याच्या हातीं दिली. कालिकतचा अनुभव डोळ्यांपुढें असतां दीडशें वर्षांनीं विजयदुर्गास तेंच व्हावें, ही गोष्ट कोणत्याहि परकी कपटापेक्षां अधिक विचार करावयास लावणारी आहे.

ह्याला एक अपवाद झाला. वलंदेजांनीं १६६३ मध्यें कोचीन घेऊन पोर्तुगीजांची जागा घेतली होती. त्यांचा त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्यानें १७४१ मध्यें कोळचल येथें पराभव केला आणि १७४३ मध्यें मिऱ्यांचा सर्व व्यापार सरकारी मक्त्यांत घेतला. यूरोपीय कंपन्यांना आतां राजाच्या वखारींतून त्याच्या भावानें माल घ्यावा लागे. स्वदेशी सत्तेनें वाटेचें तोंड आपल्या हातीं घेतल्याचें हें ठळक उदाहरण होय. परंतु त्याचें कौतुक करतांना एक गोष्ट दृष्टीआड करतां येत नाहीं. मक्त्याचा फायदा राज्याला व त्याच्या सैन्याला झाला. वेल लावणाऱ्याला मात्र भाव ठरवून देणारा धनी बदलला, एवढाच फरक पडला.

इकडे हें चाललें असतां मिऱ्यांचें महत्त्वच ओसरूं लागलें होतें. माल मुबलक झाल्याबरोबर युरोपांतील श्रीमंतांना त्यांत प्रतिष्ठा वाटेनाशी झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस कंपन्यांच्या गलबतांत मिऱ्यांपेक्षां कापड अधिक दिसूं लागलें, आणि पुढें चहाकॉफीचा जमाना आला. आपल्याकडे तर त्याहून मोठी क्रांति झाली. पोर्तुगीजांनीं अमेरिकेहून आणलेलें एक तिखट फळ दोन-अडीचशें वर्षांत हिंदुस्थानभर पसरलें. तें कोणत्याहि परसांत येई, त्याला मलबारचा पाऊस लागत नसे, आणि गरिबालाहि तें परवडे. आपण त्याला ‘मिरची’ म्हटलें, म्हणजे मिऱ्याचेंच नांव दिलें. कानडींत ‘मेणसु’पासून ‘मेणसिनकायि’ आणि तामिळांत ‘मिळगु’पासून ‘मिळगाय’ हेहि शब्द असेच झाले. नव्यानें जुन्याचें नांव घेतलें आणि त्याची जागाहि घेतली. भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हें फळ परकें होतें असें सांगितलें तर तो विश्वास ठेवणार नाहीं.

मलबारांत एक आख्यायिका सांगतात. पोर्तुगीजांनीं मिरवेलीचीं रोपें मागितलीं तेव्हां दरबारी घाबरले. पण सामुरी म्हणाला, वेल नेतील, आमचा आषाढींचा पाऊस कसा नेतील? आख्यायिका मोठी गोड आहे, परंतु इतिहासानें तिची बाजू घेतलेली नाहीं. १९३० नंतर जपानी वसाहतवाल्यांनीं मिरवेल ब्राझिलांत रुजविली, आणि आज जगांत सर्वांत अधिक मिरीं हिंदुस्थानांत नव्हे तर व्हिएतनामांत होतात. पाऊस त्यांनाहि मिळाला. निसर्गानें दिलेला मक्ता हा सर्वांत कच्चा मक्ता होय, हें त्यावरून दिसतें.

म्हणून रोमच्या सोन्याचा अभिमान व गेलेल्या व्यापाराची हळहळ ह्या दोहोंना थोडी मुरड घातली पाहिजे. ज्या काळांत वाट कोणा एकाची नव्हती त्याच काळांत मलबारच्या बंदरांची व परदेशी व्यापाऱ्यांची एकत्र भरभराट झाली; आणि जेव्हां ती एकाची झाली, तेव्हां तो एक परका असो वा आपला, मिरवेलीखालीं उभ्या असलेल्या माणसाला भाव ठरविण्याचा अधिकार कधींच मिळाला नाहीं. त्यानें आपल्यापुरता तो रात्रींच्या होड्यांतून व घाटांतल्या बैलांवरून मिळविला. त्याचें नांव कोणत्याहि बखरींत नाहीं. परंतु पोर्तुगालच्या राजाचा मक्ता मोडण्याचें काम आरमारांच्या बरोबरीनें त्यानेंहि केलें, एवढें श्रेय इतिहासानें त्याला द्यावयास हरकत नाहीं.